कोल्हापूरचं घर पाहुण्यांना रोजाच्या भाड्यानं द्यायचंय : आतली मांडणी, सामानसुमान कसं करू?

गंगावेस | ११ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझं माहेरचं घर कोल्हापुरात गंगावेशीजवळ आहे. खाली सोपा म्हणजे पुढची बैठकीची जागा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. वर माडीवर दोन खोल्या आणि बाबांनी नंतर काढलेलं बाथरूम. दगडविटांचं जुनं बांधकाम, वर कौलं. बाबा गेल्यापासून दोन वर्षं घर बंद आहे. आई माझ्याकडे पुण्यात असते. विकायचं नाव काढलं की तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि कायमचा भाडेकरू ठेवायला भाऊ तयार नाही. म्हणून ठरवलंय की अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांना दोन-तीन दिवसांसाठी अख्खं घर द्यायचं. देऊळ पायी पंधरा मिनिटांवर आहे.

एका इंटिरियरवाल्यांनी येऊन मापं घेतली आणि ७ लाख ८० हजारांचा अंदाज दिला. त्यात माडीला फॉल्स सीलिंग आणि रंगीत दिवे, सोप्यात टीव्हीमागे संगमरवरासारखी दिसणारी पीव्हीसी पॅनेलं, सगळीकडे बॉक्सचे पलंग, जमिनीपासून छतापर्यंत प्लायची कपाटं आणि एल आकाराचा सोफा. संगणकावरची चित्रं बघून भाऊ खूश झाला. मला मात्र त्या चित्रांत आमचं घर कुठे दिसेना. आमच्याकडे साडेचार लाख आहेत, फार ताणलं तर पाच.

हे सगळं खरंच लागतं का? आजीचा सागवानी पलंग, फडताळ आणि सोप्यातला झोपाळा ठेवू की काढू? किती माणसांची सोय धरू? ज्यांनी हे केलंय त्यांनी पैसे कुठे सार्थकी लागले आणि कुठे वाया गेले ते जरूर लिहा.

पेठेतला

फॉल्स सीलिंग नको. कौल सरकलं की पाणी सीलिंगवर साठतं, कुठून गळतंय ते कळत नाही, आणि वरच्या पोकळीत उंदीर होतात. एवढं एक ऐका, बाकी जाणकार सांगतीलच.

मंगळवारकरीण

ताई, मी सहा वर्षं मंगळवार पेठेत आमचा वरचा मजला पाहुण्यांना देते. सगळ्यात आधी येणार कोण ते डोळ्यांसमोर आणा. मग काय घ्यायचं ते आपोआप ठरतं.

आपल्याकडे जोडपी कमी येतात. येतं ते सात-आठ जणांचं कुटुंब. एक आजी, एक गुडघे दुखणारे आजोबा, दोन सुना, एक तान्हं, दोन शाळेतली पोरं आणि गाडी चालवून दमलेला मुलगा. रात्री अकराला पोचतात. पहाटे चारला उठून सगळ्यांना आंघोळ करून देवळात जायचं असतं. दहाला परत येतात, तेव्हा हातात ओटीचं सामान, नारळ, पेढे आणि ओल्या साड्या असतात. दुपारी दोन तास आडवे होतात. मग रंकाळा तलाव, न्यू पॅलेस. दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा करून गावाला. तुमच्या टीव्हीमागे काय लावलंय ते बघायला यांना उसंतच नसते.

त्यांची खरी परीक्षा पहाटे चार ते साडेपाच. आमच्याकडे पहिल्या वर्षी २५ लिटरचा एकच गिझर होता. तो तापायला अर्धा तास लागायचा आणि त्यात गार पाणी मिसळून जेमतेम तीन बादल्या व्हायच्या. चौथं माणूस कुडकुडत उभं, आणि चौथी नेहमी घरातली सूनच. काकडआरती चुकली म्हणून एक ताई माझ्याशी बोलताना रडल्या होत्या. दुसऱ्याच महिन्यात मी सोफ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे उचलले आणि दुसरा गिझर बसवला. आजही माझ्याकडे सोफा नाही आणि आजवर कुणी मागितला नाही.

बाथरूममध्ये नुसता शॉवर ठेवू नका. बादली, मग आणि बसायला प्लास्टिकचं उंच स्टूल हवंच. आजी लोक शॉवरखाली उभं राहून आंघोळ करत नाहीत. कमोडच्या शेजारी भिंतीत पक्की स्टीलची दांडी बसवा. फरशी खडबडीत घ्या.

आणि खुंट्या! आठ माणसांच्या घरात निदान वीस खुंट्या पाहिजेत. लोक दोन दिवसांसाठी कपाटात कपडे लावत नाहीत. पिशव्या उघड्याच राहतात आणि कपडे दारावर, खिडकीवर, पलंगाच्या दांडीवर लटकतात.

सोलापुरी

मंगळवारकरीण ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आमचाच जथा आठवला. ओल्या साड्यांचं अगदी खरं, वाळत घालायला दोरीच नसते. आम्ही एकदा लॉजच्या पंख्याला साडी बांधली होती. :)

रेघोटी

मी पुण्यात इंटिरियरचं काम करते, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडते. वरचं सगळं बरोबर आहे, पण पाहुणा आधी फोटो बघून घर निवडतो. खुंट्या आणि गिझर तो आल्यावर बघणार. एअरबीएनबीवर किंवा बुकिंग डॉट कॉमवर एका ओळीत वीस घरं दिसतात, त्यातून तुमच्या घरावर बोट थांबायला हवं.

त्यासाठी सात लाख मात्र लागत नाहीत. उजेड लागतो. कौलांचं घर आहे ना? माडीच्या प्रत्येक खोलीत दोन-तीन काचेची कौलं बसवून घ्या. दिवसा जो उजेड उतरतो त्यापुढे कुठलाही रंगीत दिवा फिका पडतो. रात्रीसाठी पिवळसर बल्ब, प्रत्येक उशाशी एक दिवा आणि एक प्लग पॉइंट. भिंती चुन्याच्या पांढऱ्या. जुनं लाकूड पॉलिश न करता नुसतं घासून तेलपाणी करा.

पीव्हीसी पॅनेल मात्र जुन्या भिंतीवर लावू नका. चुन्यातल्या विटांची भिंत ओल बाहेर टाकत असते. तिला प्लास्टिकनं झाकलं की ओल आतच कोंडते, गिलावा फुगतो आणि पॅनेलमागे बुरशी धरते. प्लास्टिक पेंटचंही तेच.

एका भिंतीवर कोल्हापूरची ओळख म्हणून चौकटीत कोल्हापुरी चपलांचे तीन-चार जोड लावता येतील. २०१९ मध्ये त्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय. फोटोत फार सुंदर दिसतं.

पेठेतला

चपला भिंतीवर? रेघोटी ताई, रागावू नका, पण देवीला आलेल्या माणसाच्या उशाशी पायताण टांगणं मला तरी बरं वाटत नाही. चप्पल कितीही सुंदर असली तरी तिची जागा उंबऱ्याबाहेर. आमच्या गल्लीत कुणाच्याच घरात असं चालणार नाही.

रेघोटी

हा विचार मी केलाच नव्हता. पुण्यात दोन ठिकाणी लावल्या होत्या, कुणी काही बोललं नाही. पण तिथे देवदर्शनाला कुणी येत नव्हतं. तुमचं म्हणणं पटलं, चपला रद्द.

दूधकट्टा

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर ह्याच गावचे. इथल्या कला शाळांची पोरं पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्यावर बसून जलरंगात निसर्गचित्रं करत असतात. त्यांच्याकडून दोन-तीन चित्रं विकत घ्या. पोरांना चार पैसे मिळतील आणि भिंतीवर आपलं खरं गाव येईल. छापील समुद्रकिनारे लावू नका, एवढीच विनंती.

वेल्डिंगवाला

माझं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड आहे. पलंगाबद्दल सांगतो.

बॉक्सचा पलंग भाड्याच्या घरात घेऊ नये. एक तर त्यात काय कोंबलं जातं ते कळत नाही, खाली झाडू जात नाही, आणि आपल्या पावसात आत कुबट वास धरतो. दीड इंची चौकोनी पाइपाचा, सोळा गेजचा सांगाडा करून घ्या, पावडर कोटिंग करून. वर १८ मिलिमीटरची प्लाय. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारी घ्या, आयएस ७१० छापा बघून. जमिनीपासून फूटभर मोकळी जागा सोडा, म्हणजे केरसुणीही फिरेल आणि जादा गाद्याही सरकवता येतील.

डबल बेड करूच नका. सगळे सिंगल करा, तीन फुटी. जोडपं आलं तर दोन जोडायचे, आजी आणि नात आल्या तर वेगळे करायचे. जोडताना पाय एकमेकांना क्लॅम्प करायचे, नाहीतर मध्ये फट पडते आणि पोरगं रात्री त्यात घसरतं. नटबोल्टचा पलंग कुरकुरतो म्हणून लोक पूर्ण वेल्डिंग मागतात, पण मग जिन्यावरून नेता येत नाही. नटबोल्टच ठेवा आणि प्रत्येक सांध्यात रबरी वॉशर घाला. आवाज बंद.

आता एक विचारतो. घर गंगावेशीजवळ म्हणजे नक्की कुठं? रंकाळवेशीच्या अंगाला का घाटाकडं उतरता त्या अंगाला?

गंगावेस

घाटाकडे उतरतो त्या बाजूला, दादा. का?

वेल्डिंगवाला

२०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं?

गंगावेस

उंबऱ्याला लागून परत गेलं. २०२१ च्या जुलैत मात्र सोप्यात मांडीभर होतं. बाबा तेव्हा होते, त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीनं सामान माडीवर नेलं. आजीचा पलंग खालीच राहिला, तो आठवडाभर पाण्यात होता. सागवान असल्यामुळे वाचला.

वेल्डिंगवाला

मग वरचं सगळं बाजूला ठेवा आणि हे आधी वाचा.

तुमच्या इंटिरियरवाल्यांनी खालच्या मजल्यावर प्लायची कपाटं आणि सोफा धरलाय म्हणजे त्यांनी भिंतीवरची पाण्याची रेघ बघितलेलीच नाही. आम्ही २०२१ नंतर शुक्रवार पेठेतल्या आणि कुंभार गल्लीतल्या घरांची कामं केली. फुगलेल्या कपाटांचे दरवाजे उघडत नव्हते म्हणून पहार घालून तोडले. एका घरी मॉड्युलर किचन दीड वर्षाचं होतं. त्या काकू ओट्याजवळ उभ्या होत्या आणि ड्रॉवर हातानं ओढला तर पुढची फळी तेवढी हातात आली, बाकी भुसा. ते बघितल्यापासून मी घाटाच्या बाजूला खाली प्लाय बसवून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

खाली फक्त दगड, लोखंड, स्टील आणि सागवान. ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या आणि त्याला ॲल्युमिनियमची दारं. जे उचलायचं ते दोन माणसांना उचलून जिन्यानं नेता आलं पाहिजे. नेता येत नाही ते खाली ठेवायचंच नाही.

मंगळवारकरीण

मी मंगळवार पेठेत असल्यामुळे माझ्या डोक्यात पाण्याचा विषय आलाच नाही. दादा, बरं झालं विचारलंत.

राजाराम बंधारा

मी इलेक्ट्रिकचं काम करतो. खालच्या मजल्याचं वायरिंग माडीपासून वेगळं करा, वेगळ्या एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच). पाणी चढायला लागलं की खालचं बंद करायचं आणि वर दिवे चालू ठेवायचे. खालचे सगळे प्लग साडेचार फुटांवर घ्या. दिसायला विचित्र दिसतं, पण सवय होते. इन्व्हर्टरची बॅटरी माडीवर. प्रत्येक गिझरला स्वतंत्र वायर आणि आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच. ओल्या हातानं बटण दाबणारी अनोळखी माणसं असणार. दोन गिझर आणि एसी धरून मंजूर भार वाढवून घ्या, नाहीतर पहाटे चारला सगळं एकदम लागलं की मेन पडतो.

माझ्या नावावरून कळलंच असेल, आम्ही पावसाळ्यात रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका. तुमच्या भागात ४३ ची वाट बघायची नाही.

तिसरी गल्ली

विम्याचंही बघा. २०२१ च्या एप्रिलपासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, त्यात पूर येतो. पण घर रोजाच्या भाड्यानं देणार हे कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर घ्या. ऐन वेळी दावा त्याच मुद्द्यावर अडतो.

बेळगावचा पाहुणा

मी वर्षातून तीनदा येतो, पाहुणा म्हणून लिहितो. मला हव्या त्या गोष्टी : गाडी कुठे लावायची ते आधी सांगणारा नकाशा, कारण पेठेत टेम्पो ट्रॅव्हलर आत येत नाही आणि आई-वडिलांना उतरवून परत जावं लागतं, सकाळी चहाला दूध, आणि दारातच बसून चप्पल काढायला बाक. माझ्या वडिलांना उभ्यानं चप्पल घालता येत नाही. आजवर एकाही ठिकाणी तो बाक सापडला नाही.

दूधकट्टा

दुधाची काळजी सोडा. गंगावेशीत म्हैस दारात उभी करून ताजं दूध काढून देणारे अजून आहेत. पाहुण्यांना पहाटे तिकडे पाठवा, जन्मभर नाव काढतील.

सोलापुरी

अवांतर : तिथेच जवळ चांगला तांबडा-पांढरा कुठे मिळतो?

पेठेतला

अवांतरावर नवीन धागा काढा, नाहीतर हा धागा आता खाणावळीतच संपणार. :) पण ताई, यावरून एक मुद्दा आहेच. स्वयंपाकघरात मटण चालेल का नाही ते आधीच स्पष्ट लिहा. दर्शनाला आलेली माणसं आधी शाकाहारी भांडीच शोधतात, आणि पन्हाळा करून आलेली पोरं पहिल्यांदा मोठं पातेलं शोधतात.

मंगळवारकरीण

माझ्याकडे भांड्यांचे दोन संच आहेत, वेगळ्या रॅकवर. निळ्या झाकणाचं ते मांसाहारी. सहा वर्षांत एकदाही तक्रार नाही. फक्त मिक्सर एकच होता, त्यावरून एकदा बोलणी खाल्ली. आता दोन आहेत.

रेघोटी

चादरींचा विषय राहिलाय. पांढऱ्याच घ्या, शुद्ध सुती. फोटोत स्वच्छ दिसतात आणि उकळत्या पाण्यात टाकता येतात.

पेठेतला

पांढऱ्या? देवळातून येणाऱ्यांच्या कपाळाला कुंकू, हाताला हळद. संध्याकाळी बोटाला तांबडा रस्सा. आठ दिवसांत पोतेरं होईल. गडद फुलाफुलांच्या घ्या.

मंगळवारकरीण

मी दोन्ही वापरून बघितलंय. गडद चादरीवर डाग दिसत नाही, पण असतो. पाहुण्याला वासावरून कळतं. आणि ती ब्लीच करता येत नाही. पांढरीच बरी. हळदीचा डाग साबण लावल्यावर लालभडक होतो, तेव्हा घाबरायचं नाही. धुवून ओलीच कडक उन्हात टाकायची. संध्याकाळपर्यंत डाग ऊन खाऊन टाकतं. पहिल्यांदा मी लाल डाग बघून चादर फाडून पुसायला घेतली होती. कुंकू मात्र वाईट. त्यासाठी प्रत्येक उशाशी एक गडद मरून रंगाचा छोटा टॉवेल ठेवते, सोलापूरचा. 'तोंड पुसायला हा वापरा' म्हणून आल्यावर हातात देते. त्यानंतर अभ्रे वाचायला लागले.

प्रत्येक पलंगाला तीन जोड धरा : एक अंथरलेला, एक धुवायला, एक कपाटात. पावसाळ्यात चार, कारण चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. इचलकरंजी जवळच आहे, तिथून कापड घेऊन इथे शिवून घेतलं तर स्वस्तही पडतं आणि सगळ्या एकसारख्या होतात. गादीवर पाणी न झिरपणारं कव्हर हवंच, घरात लहान मूल येणार आहे हे धरूनच चला.

तिसरी गल्ली

झोपाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही. ठेवा, पण आधी कड्या आणि तुळई सुताराला दाखवा. आमच्याकडे एकदा चार मोठी माणसं एकदम बसली आणि कडी निसटली. कुणाला लागलं नाही हे नशीब. आता आम्ही झोपाळा जमिनीपासून सव्वा फुटावर बांधतो आणि कड्या दर वर्षी बदलतो.

रेघोटी

आणि आजीचा पलंग नक्की ठेवा. झोपायला तीन माणसांना पुरणार नाही, पण सोप्यात गादी-लोड घालून बैठक म्हणून ठेवला तर त्यापुढे एल आकाराचा सोफा काय करणार? घरातला एकच कोपरा फोटोसाठी निवडायचा असेल तर तो हा. शिवाय तो एकदा पुरातून वाचलाय.

राधानगरी रोड

कागदपत्रांचं थोडक्यात. पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिची चौकशी पर्यटन कार्यालयात करा. पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. आणि सगळ्यांत आधी गल्लीतल्या शेजाऱ्यांना भेटा. पहाटे चारला बादल्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येणार आहे.

गंगावेस | १९ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस भाऊ आणि मी हा धागा रोज रात्री फोनवर एकमेकांना वाचून दाखवत होतो. वेल्डिंगवाला दादांचा प्रतिसाद वाचून भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांनी त्या वर्षी हेच केलं होतं, फक्त आपण बघितलं नाही." इंटिरियरवाल्यांना नम्रपणे नाही कळवलं. मापांचे पैसे दिले. पुढचं करून मग लिहिते.

सोलापुरी

वाट बघतो. पहिलं बुकिंग आमचं!

गंगावेस | २८ सप्टेंबर

धागा वर काढतेय, कारण सांगायला बरंच आहे.

एकूण ४ लाख ७२ हजार खर्च झाले. सगळ्यात जास्त गेले वायरिंग आणि नळाच्या कामाला, एक लाख पस्तीस हजार; ते आता डोळ्यांना दिसतही नाहीत. खालचे प्लग साडेचार फुटांवर. आईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, हे एवढे उंच कुणासाठी? भावानं भिंतीवरची २०२१ ची रेघ दाखवली. ती आम्ही रंगवली नाही, तशीच ठेवलीय, बाजूला छोट्या अक्षरांत तारीख लिहून.

पलंग सहा, सगळे सिंगल. चार माडीवर, दोन माजघरात. जिना अरुंद असल्यामुळे नटबोल्टचेच. वॉशर घातल्यावर खरंच आवाज नाही. जमिनीवरच्या जादा गाद्या दोन. आठ माणसांची सोय लिहिलीय आणि नवव्याला नम्रपणे नाही म्हणतो, कारण दोन गिझरांत आठच आंघोळी वेळेत होतात. भावानं रविवारी घड्याळ लावून बघितलं. काचेची कौलं पाच बसवली. सोप्यात आजीचा पलंग आणि झोपाळा. ओट्याखाली कडप्पा. कपाट नाही, त्याऐवजी आजोबांच्या लाकडी खुंट्यांच्या ओळी घासून परत बसवल्या, नवीन चौदा करून घेतल्या. दारात बाक आहे. बेळगावच्या दादांनी लिहिला म्हणून केला. चित्रं तीन घेतली, एक घाटाचं आणि दोन रंकाळ्याची. घाटाचं चित्र काढणाऱ्या मुलीनं आमच्याच गल्लीच्या टोकाला बसून ते केलंय.

जुलैत आम्ही सराव केला. भाऊ आणि शेजारचे काका, दोघांनी खालचं सगळं माडीवर नेलं. पहिल्या वेळी दोन तास वीस मिनिटं लागली, कारण फ्रिज जिन्याच्या वळणावर अडला. तो बदलून छोटा घेतला. दुसऱ्या वेळी पावणेदोन तास. आजीचा पलंग मात्र दोघांना उचलत नाही. त्याचे पाय सुताराकडून खिटी काढून सुटे होतील असे करून घेतले. आता तो चार तुकड्यांत वर जातो.

घटस्थापनेला पहिलं कुटुंब आलं, लातूरचं, सात माणसं. जाताना त्यांच्या आजींनी न्हाणीतलं स्टूल कुठून घेतलं ते विचारलं आणि लक्ष्मीपुरीतून तसंच एक विकत घेऊन गेल्या.

चुकलेलंही सांगते. माडीचे पडदे मी पातळ निवडले. काचेच्या कौलांतून पहाटेच उजेड येतो आणि दुपारी आडवं झालेल्या माणसाला झोप लागत नाही. आता कौलांखाली ओढता येईल असा जाड सुती पडदा शिवायला टाकलाय.

मंगळवारकरीण

फार आनंद झाला, ताई. स्टूल चार घेऊन ठेवा, मोडतात.

वेल्डिंगवाला

पलंगाचे पाय सुटे केले, हे झकास. मी हे आता दुसऱ्यांनाही सांगणार. ओट्याखालच्या दारांना बिजागरी स्टीलचीच आहे ना? लोखंडी असेल तर आत्ताच बदला.

गंगावेस

स्टीलची आहे, दादा. तुमचंच ऐकून.

राजाराम बंधारा

पाऊसकाळातलं बुकिंग कसं ठेवलंय? पाहुणे घरात असताना पाणी वाढलं तर?

गंगावेस

जुलै-ऑगस्टमध्ये आगाऊ पैसे घेतच नाही. बुकिंग करतानाच लिहून कळवतो की बंधाऱ्यावर ३५ फूट झाले की आम्ही फोन करणार आणि ३९ च्या आधी घर मोकळं करावं लागेल. राहिलेल्या दिवसांचे पैसे परत. शेजारच्या काकांकडे एक किल्ली आहे आणि मेन स्विच कुठे आहे ते त्यांच्या सूनबाईंनाही दाखवून ठेवलंय.